ग्लिसरीनमधला खडा

आता काय सांगू तुम्हाला, रत्नागिरीत बी.एस्सी. करताना मी काच खाल्ली, अशी माझी ख्याती आहे. खाल्ली नव्हती. पण ऐका.

शिमग्याला आमच्या घरी पालखी यायची, म्हणून मी गावी, मंडणगडला पळाले. नेमकं तेव्हाच घन पदार्थाचा अपवर्तनांक मोजायचं प्रॅक्टिकल झालं. मग काय, मैत्रिणीचं जर्नल उतरवून काढलं. उतरवायला वाचावं कुठे लागतं?

परीक्षेत तेच आलं. आईनं बजावलेलं, नापास झालीस तर सामान घेऊन परत ये.

समोर सहा बीकरमध्ये सहा द्रव आणि एक पारदर्शक खडा. खडा एकेका द्रवात टाकून बघायचं, एवढं आठवत होतं. काय बघायचं, ते नाही. पाचवं ग्लिसरीन. त्यात टाकला आणि खडा गायब! कांडीनं वरवर ढवळलं, उजेडात धरलं, काही दिसेना.

म्हणजे विरघळला. मीठ असेल, नाहीतर खडीसाखर. 'काहीही चाखू नये' या पाटीकडे पाठ करून मी कांडी जिभेला लावली. गोड! ग्लिसरीन मुळातच गोड असतं, हे मला कुणी सांगितलं होतं? झोकात लिहिलं, 'पदार्थ : खडीसाखर.'

बाहेरून आलेले परीक्षक माझ्यापाशी थांबले.

"खडा कुठाय?"

"विरघळला, सर."

"काच विरघळली?"

"काच कशी असेल सर? मी चाखली. गोड होती."

सर पांढरेफटक पडले. "मग उरलेली कुठाय?"

"काहीच उरलं नाही, सर."

"पोरीनं काच खाल्लीन!" लॅब सांभाळणाऱ्या तांबेमामांनी बोंब ठोकली. सगळ्यांची परीक्षा थांबली. कुणी रिक्षा आणायला धावलं. मामांनी कॅन्टीनमधून केळ्यांचा घड आणला. टोकदार काही पोटात गेलं की केळी, हा त्यांचा ठाम उपचार.

"मामा, मी खाल्ली नाही हो."

"गप खा गो. काच केळ्यात गुंडाळून खाली जाते."

मी सहाव्या केळ्यावर असताना सरांनी बीकर उचलून बेसिनमध्ये ओतला. टण्ण! खाली अख्खा खडा.

"अगं, काचेचा आणि ग्लिसरीनचा अपवर्तनांक सारखाच, म्हणून ती दिसत नव्हती," सर म्हणाले. "ग्लिसरीनचा आकडा लिहिला असतास की झालं होतं."

पाच मिनिटांत उत्तर सापडलं होतं, आणि मी ते चाटून बसले होते.

पण सर भला माणूस. "तोंडी परीक्षेत एकच विचारतो. सांगितलंस तर पास. अपवर्तनांक म्हणजे काय?"

हे येत होतं हो मला, देवाशप्पथ येत होतं. पण 'असू दे, खबरदारी बरी' म्हणत मामांनी तेवढ्यात सातवं केळं तोंडात कोंबलं होतं. सरांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि शेरा लिहिला, 'विद्यार्थिनी निरुत्तर.'