‘पाठकोरे’चा पहिला अंक

विश्रांतवाडीत शमशुद्दीन तांबोळी नावाचे बाइंडर आहेत. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची पुस्तकं शिवली, चिकटवली, कापली. पुण्यात पुस्तक प्रकाशनाला चकचकीत कागदात बांधलेले, रिबीन लावलेले जे गठ्ठे स्टेजवर येतात, त्यांतले कितीतरी त्यांच्या हातचे. गाठ अशी मारायची, की पाहुण्यांनी एक टोक ओढताच सुटावी, फोटोत पाहुणे झटापट करताना दिसू नयेत. गठ्ठा पोचवला की शमशुद्दीनभाई शेवटच्या रांगेत बसायचे. आभार मानताना लोक माइकवाल्याचंही नाव घेतात, बाइंडरचं घेत नाहीत. यावर ते कधी बोलले नाहीत, पण विसरलेही नव्हते.

मी कोथरूडची, मुद्रितशोधक. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात जन्म गेला, त्यामुळे स्वतःच्या दिसायची सवय नाही.

तीन वर्षांपूर्वी मथुराबाई भाईंकडे आल्या. लोहगावच्या, एका खासगी रुग्णालयात आयाचं काम करणाऱ्या. पिशवीत कॅलेंडरची पानं होती, मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने लिहिलेली. “याला शिलाई घाला भाऊ, सुटी पानं हरवत्यात,” म्हणाल्या. भाईंनी शिवता शिवता वाचलं. अठरा वर्षांत डोळ्यांदेखत गेलेल्या माणसांनी शेवटी काय मागितलं, एवढंच बाईंनी लिहून ठेवलं होतं. नावं नव्हती. ‘सात नंबरचे आजोबा. खिडकी उघड म्हणाले. उघडी होती.’ ‘बाळंतीण. आरसा मागितला.’ ‘मोठे साहेब. चपला कुठं हायेत म्हणाले.’ अशा शंभरावर नोंदी.

भाईंनी ती पानं मला वाचायला दिली. मी ती उतरवून दोन मासिकांकडे पाठवली. एका संपादकांनी विचारलं, हा नेमका कोणता वाङ्मयप्रकार? दुसऱ्यांनी उत्तरच दिलं नाही, ते बरं केलं.

“मग आपणच काढू ताई,” भाई म्हणाले. “ज्यांचं लिहिणं कुठल्याच खणात बसत नाही, त्यांच्यासाठी.” एक बाजू वापरून झालेल्या पाठकोऱ्या कागदांवर लिहिणाऱ्यांचं अनियतकालिक, म्हणून नाव ‘पाठकोरे’. एका रखवालदाराच्या, एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या वह्या मिळाल्या. मथुराबाईंची पानं सगळ्यांच्या आधी लावली. अंक छापून झाला तेव्हा भाईंनी नव्या कागदाचा वास घेतला. चाळीस वर्षं रोज तोच वास घेणारा माणूस.

त्यांची अट एकच होती, प्रकाशन रीतसर व्हायला हवं. सभागृह, शाल, नारळ, प्रमुख पाहुणे. “आपल्या लोकांना कधी कुणी वर बसवलंय? मथुराबाईंची खुर्ची स्टेजवर हवी.” पाहुणे मी ठरवले. निवृत्त प्राध्यापक, त्यांनी मान डोलावली की पुण्यात साहित्य ठरतं. त्यांनी आठ तारीख दिली, मग परगावचं व्याख्यान निघालं म्हणून बावीस केली. आम्ही ‘अहो, आपल्या सोयीने’ म्हणालो. गठ्ठे सोनेरी कागदात बांधून भाईंच्या कारखान्यात पडून राहिले.

मथुराबाईंची दोन्ही मूत्रपिंडं तेव्हा निकामी झाली होती. ज्या रुग्णालयात फरशा पुसल्या, तिथंच खाटेवर होत्या. आम्ही भेटायला गेलो, तर म्हणाल्या, “अंक दावा की भाऊ. नुसता हात लावते.”

भाई हसले. “आधीच उघडला तर प्रकाशन कशाचं करायचं? बावीसला, रविवारी, स्टेजवर. दहा दिवस दम धरा.”

“बरं,” बाई म्हणाल्या. आयुष्यभर दुसऱ्यांची मागणी ऐकलेली बाई, स्वतःचं दोनदा मागायची सवय नव्हती.

प्रुफं माझ्या पिशवीत होती. काढून हातात दिली असती तर काय बिघडलं असतं? सुचलं नाही असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. सुचलं होतं. पण प्रकाशनाआधी काही दाखवायचं नाही ही रीत अंगात इतकी मुरलेली, की हात पिशवीकडे गेलाच नाही. त्याची मला अजून लाज वाटते.

प्रकाशनाला तीन दिवस उरले असताना, गुरुवारी, त्या गेल्या. सून ऋतुजाने फोन केला.

रविवारी पाहुणे पाऊण तास उशिरा आले. रिबीन एका ओढीत सुटली, फोटो छान आला. उपेक्षितांच्या साहित्यावर ते भरपूर बोलले आणि मथुराबाईंचं नाव चिठ्ठीत बघून घेतलं. बाईंच्या रिकाम्या खुर्चीवर कुणीतरी शाली ठेवल्या. ऋतुजा शेवटच्या रांगेत बसली होती, भाईंच्या नेहमीच्या जागी.

कार्यक्रम संपल्यावर भाईंनी दोन्ही हातांनी तिला अंक दिला. मग विचारलं, “शेवटी काही म्हणाल्या का?”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. “पुस्तक आलं का म्हणल्या. मी म्हणलं, आलं. म्हणल्या, मग आण. मी कुठनं आणणार होते काका?”

भाई खाली बसले. एक अंक उघडून त्यांनी बाईंच्या नोंदी संपतात तिथं, उरलेल्या कोऱ्या जागेत पेन्सिलीने लिहिलं, ‘मथुराबाई. अंक आण म्हणाल्या. आलेला होता.’

मग दुसरा अंक ओढला. दोनशे प्रतींत त्यांनी ते हाताने लिहिलं. मी शेजारी बसून त्यांना ते पान उघडून देत होते.