बावन्न किलोचं पोतं

माझ्या वडिलांनी, दादांनी, पंचेचाळिसाव्या वर्षी वजन उचलायला सुरुवात केली, ती स्वतःच्या थोरल्या बहिणीला उचलता यावं म्हणून.

काल दुपारी दादा गेले. ब्याण्णव वर्षांचे होते.
सकाळपासून फोन येतायत. सगळ्यांना एकच सांगते, शांतपणे गेले.

पण मला त्यांच्या पोत्याबद्दल सांगायचंय.

सत्याहत्तर साल असेल. आम्ही मंठ्याला राहायचो. दादा प्राथमिक शाळेत मास्तर, मी चौथीत.
दादांची थोरली बहीण, आमची अक्काआत्या, आमच्याकडेच असायची. आईबाप लवकर गेल्यावर तिनेच रोजंदारी करून दादांना शिकवलं. चिखलाच्या दिवसात कडेवर घेऊन शाळेत सोडायची म्हणे.

त्या पावसाळ्यात आत्याचं अर्धं अंग लुळं पडलं.
तिचं मागणं एकच. सकाळी अंगणात, कडुलिंबापाशी उन्हात बसायचं.

दार इतकं अरुंद की बाज निघायची नाही. मग दादा तिला उचलून न्यायचे.
आठव्या दिवशी उंबऱ्यातच त्यांची कंबर धरली आणि दोघं पडले. आत्याचं कोपर फुटलं.

आई म्हणाली, शेजारच्यांना बोलावू, चौघं मिळून उचलू.

"चौघांनी उचलायची येळ एकदाच येती," आत्या म्हणाली. "ती अजून यायची हाय. ऱ्हाऊ द्या मला हितंच."

आणि भिंतीकडे तोंड करून पडली.
दादा त्या दिवशी जेवले नाहीत.

दादांनी जन्मात व्यायाम केलेला नव्हता. खडू, खुर्ची, सायकल आणि थोडं सुटलेलं पोट, एवढाच काय तो कारभार.
कंबर बरी झाली तसं त्यांनी खताचं रिकामं पोतं घेतलं आणि त्यात दहा किलो वाळू भरली. दर आठवड्याला एक-दोन तांबे वाढवायचे. पार बावन्न किलोपर्यंत.

बावन्न का? तर आदल्या वर्षी मोंढ्याच्या बाजारात जोंधळा घ्यायला गेलो होतो, तेव्हा आत्या गमतीने काट्यावर बसली होती. "बघा रं, माझा काय भाव येतो." काटा बावन्नवर थांबला होता. दादांनी तो आकडा डोक्यात पक्का ठेवलेला. मास्तरच ते.

रोज शाळेआधी पोतं छातीशी धरून लिंबाभोवती फेऱ्या. वर बैठका. मग भिजवलेले हरभरे. प्रोटीन हा शब्द तेव्हा मंठ्यात आला नव्हता.

लोक हसायचे. "मास्तरला या वयात पैलवानकी सुचून राह्यली."

हसले नाहीत ते एकटे रहीमचाचा. मोंढ्यात हमाल होते, त्यांची पोरगी दादांच्या वर्गात. एकदा थांबून बघितलं आणि म्हणाले, "मास्तर, कमर कू काम मत लगाव. घुटने मोडो. बोजा जांघों पे लेव."

दुसऱ्या दिवसापासून मास्तर हमालाचे विद्यार्थी. चुकलं की चाचा बिलकुल सोडायचे नाहीत.

थंडी पडली आणि पोतं बावन्नला पोचलं.

त्या सकाळी दादा आत गेले. "अक्का, एकदा बघू."
"पडलो म्हंजे?"
"पडलो तर खाली मी. तू वर."

आत्याने भिंतीकडचं तोंड इकडे वळवलं. मग चांगला हात त्यांच्या गळ्यात टाकला.

दादांनी गुडघे मोडले, श्वास धरला आणि बावन्न किलोच्या हिशोबाने उचललं.

आत्या अशी काही वर आली की दादा मागे झोकांडले आणि पाठ चौकटीला टेकली.

पाच महिने ते आकड्याशी झुंजत होते. आणि ती तिथे अंधारात पडून वाळत चालली होती. रोज तिला बघत होते, पण पोत्याचं वजन बदलावं हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही.

दादांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. अजून डोळ्यांसमोर आहे.

त्यांनी तिला अलगद उन्हात बसवलं. आत्या खुशीत.
"लई ताकद आली रं तुला."
"हौ अक्का," दादा म्हणाले. "लई आली."

एवढंच. खरं तिला कधीच सांगितलं नाही.

मी नंतर विचारलं, "दादा, थोडी वाळू काढायची का आता?"
"न्हाई. बरी झाली की भरून येईल ती. मंग मी कमी पडाय नको."

आत्या भरून आली नाही. दोन हिवाळे रोज उन्हात बसली आणि गेली.

पोतं राहिलं. फाटलं की नवं, वाळू तीच. पेन्शनीत आल्यावरही दादांचा नेम चुकला नाही. मला चाळिशी लागली तसं माझ्याही मागे लागले. "गुडघे मोड. कंबर नगं." मी किती कुरकुर केली असेल.

माझा मुलगा इथे नवीन जालन्यात जिमला जातो. सांगत होता, "मम्मी, आजोबा डेडलिफ्ट करायचे." असेल बाबा.

गेले तीन महिने दादांना मी उचलत होते. बाजेवरून खुर्चीत, खुर्चीतून गॅलरीतल्या उन्हात. अठ्ठावन्नाव्या वर्षी, एकटीने, कंबर न धरता.

परवा त्यांनी विचारलं, "जड होतो का गं तुला?"

हाताला काहीच वजन लागत नव्हतं.

"हो दादा," मी म्हणाले. "चांगले जड आहात."

ते हसले. त्यांना कळलं होतं.

काल संध्याकाळी चौघांनी उचललं.

दादा, शेवटचा जय भीम.