धुराचा रकाना

कोल्हापूरच्या स्टँडवर बंगळूरची गाडी सुटायला पाच मिनिटं होती. बाबा फाउंड्रीतून तसेच आले होते, नखांत काळी रेती घेऊन. डोळेबिळे पुसणं त्यांच्यात नव्हतं. म्हणाले, "सही करशील तिथं आधी वाच. आणि मोजलंस तेवढंच लिही." डिप्लोमा झालेल्या मुलीला याहून जास्त काही द्यायचं त्यांना सुचलं नाही.

त्याला सव्वीस वर्षं झाली. बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत, बोल्टच्या एका छोट्या कारखान्यात मी तपासणी आणि निर्यातीचे कागद बघते. निम्मा माल युरोपात जायचा. मग तिकडून नवा फॉर्म आला : एक टन बोल्ट बनवताना हवेत किती कार्बन सोडता, लिहा. हवामानावरच्या परिषदा मी बातम्यांत बघते. सगळे देश बसतात, एकमत होत नाही. मग ज्याच्या हातात बाजार, तो आपला नियम करतो आणि चौदा माणसांच्या शेडमध्ये तो ईमेलने येतो. विचारायला कुणी आलं नव्हतं.

आमची भट्टी तेलावरची. फोरमन राघोजीअण्णा, तीन पिढ्या इथले मराठी, वाकून म्हणाले, "अक्का, स्वल्प कमी लिहा की. तिकडून कोण येणार नाक घेऊन हुंगायला?"

मी मोजलं तेवढंच लिहिलं. विजेवरची भट्टी घ्यायला आम्हाला मदत कोण करणार, हेही त्याच मेलमध्ये विचारलं. त्याचं उत्तर आलं नाही. ऑर्डर बंद झाल्याचं आलं.

काम गेलेले अण्णा आता बंगळूरबाहेर होसकोट्याला एका गोदामाच्या गेटवर राखणीला बसतात. भेटले की एवढंच विचारतात, "काय अक्का, खरं लिहिताय ना?"

गाव सोडलेल्या सगळ्यांच्या मनात असते तशी माझ्याही मनात एक सोय होती : इथे नाहीच जमलं तर कोल्हापूर आहे. आईने वाळत घातलेले कपडे काजळी झटकूनच घरात घ्यायचे, ते कोल्हापूर. तेव्हा तो धूर कुणी मोजत नव्हतं.

परवा धाकट्या भावाचा फोन आला. तो बाबांच्याच फाउंड्रीत आहे.

"ताई, युरोपचा फॉर्म आलाय बघ. कोळशाचं सगळं लिहायचं व्हय?"

बाबा जाऊन चार वर्षं झाली, तरी क्षणभर उत्तर त्यांच्यावर ढकलावंसं वाटलं.

"लिही," मी म्हटलं. "आणि आजपासून दुसरं गिऱ्हाईक बघ."

"तू येणार होतीस की परत?"

"सरी, बघू," असं कानडीतच बरं म्हणून मी फोन ठेवला. परत गेले असते तर त्याच्या शेजारी बसून तोच फॉर्म भरला असता.