वायसरचं लोणचं

पारनेर तालुक्यातल्या एका औद्योगिक वसाहतीत पाठीवरचे फवारणी पंप बनवणारा कारखाना आहे. वर्तमानपत्रातली नोकरी सुटल्यावर मी तिथे लागलो. पंपाच्या खोक्यात घालायचं माहितीपत्रक लिहिणं आणि फाटकाजवळच्या फळ्यावर आठवड्याच्या बातम्या लिहिणं, एवढं माझं काम. बॅटरीचे पंप आता सगळीकडे झाले आहेत. पण वीज कधी येईल आणि चार्जिंग कधी होईल याचा भरवसा नसलेलं, हाताने दांडा मारून फवारणारं गिऱ्हाईक अजून पुष्कळ आहे. कारखाना त्याच्यावर चालतो.

जोडणी विभागात बहुतेक बायका होत्या. आसपासच्या गावांतून कंपनीच्या बसने यायच्या. घरी कांदा, मूग, वाटाणा. आठवडाभर पंप जोडायचा आणि सुट्टीच्या दिवशी तोच पंप पाठीवर घेऊन फवारायला जायचं, हे त्यांच्यापैकी अनेकींचं वेळापत्रक होतं. या दोन कामांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असं कारखान्यात कोणाच्या मनात आलेलं नव्हतं.

ते मनात आणून दिलं प्रशिक्षणाचं काम बघणाऱ्या बाईंनी. त्या देवळाली प्रवऱ्याच्या. आयटीआयमध्ये फिटरचा वर्ग शिकवून आलेल्या. सगळे त्यांना मॅडम म्हणायचे. त्या येण्याआधी प्रशिक्षण म्हणजे बाहेरून आलेला वक्ता, पडद्यावर इंग्रजी चित्रं, मध्यंतरात सामोसा आणि जाताना हजेरीची सही. मॅडमनी हे बंद केलं आणि त्याऐवजी शेठकडे शनिवारच्या पाळीतला शेवटचा तास मागून घेतला.

त्या तासाचा नियम सोपा होता. प्रत्येक विभागातला एक जण दुसऱ्या विभागात पाहुणा म्हणून जायचा. त्याने मनाला येईल ते विचारायचं. यजमानांनी उत्तर द्यायचं. "पहिल्यापासून असंच आहे" हे उत्तर चालणार नाही. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं आणि शोधायचं.

पुढचं कामगारांनी स्वतःच केलं. पाहुणा पुरुष असला की तो दाजी. "आले बघा दाजी, पाट मांडा!" बाई असली तर माहेरवाशीण. दाजींना पहिला चहा, बसायला स्टूल, आणि प्रश्न कितीही खुळचट असला तरी तोंडावर हसायचं नाही. पाठीमागे हसायला मुभा होती. पॅकिंगचा एक दाजी चाचणी विभागात जाऊन म्हणाला, "टाकीचं झाकण जोडणीवाल्या बाया आवळून लावत्यात, आन् तुमी पाणी भराया ते परत काढता. मग त्या लावत्यात कशाला?"  पुढच्या आठवड्यापासून झाकण चाचणीनंतरच लागू लागलं.

फोरमनना हा तास मान्य नव्हता. त्यांना सगळे मामा म्हणत. कारखान्यात आलेलं पहिलं यंत्र त्यांनीच बसवलं होतं. "आमच्या टायमाला शिकवनं म्हंजे कानाखाली एक," ते म्हणायचे, "आन् आमी शिकलो बी. आता चहा पाजून शिकवायचं चाललंय."

"मामा, कानाखाली मारून तुम्ही काय शिकलात?" मॅडमनी एकदा विचारलं.

"मारनारा दिसला की लपायचं," मामा म्हणाले. सगळे हसले, तेही हसले. पण मत बदललं नाही. शनिवारी किती पंप कमी निघतात, हे ते शेठना सांगत राहिले.

शेठ सरळ माणूस होते. त्यांनी मॅडमना बोलावून अट घातली: दिवाळीपर्यंत या तासातून खोक्यात घालून विकता येईल अशी एक तरी सुधारणा निघाली पाहिजे. नाही निघाली तर तास उत्पादनाला परत, आणि मॅडम क्वालिटीच्या टेबलावर. मॅडमनी बाहेर येऊन हे सगळ्यांना जसंच्या तसं सांगितलं.

त्याच सुमारास त्यांनी मला एक शनिवार दिला. नव्या बातमीदाराला काय शिकवतात ते सांगा, म्हणाल्या. मी सांगितलं: आधी काय झालं ते लिहायचं. कुठे, कधी, कसं. निष्काळजीपणा हा शब्द घटना सांगत नाही, तो निकाल सांगतो. आणि निकाल बातमीदाराने द्यायचा नसतो. मॅडमनी त्यातून आपल्या कामाचं एक वाक्य काढलं आणि फळ्यावर ठळक लिहिलं: "आधी काय झालं. कोणामुळे, हे मागून."

मामांनी ते वाचलं. "मागून तरी सांगनार हाय का?" त्यांनी विचारलं.

श्रावणात जोडणीतल्या आक्का माहेरवाशीण म्हणून भांडाराच्या विभागात गेल्या. आक्का जोडणीत सगळ्यांत जुन्या. भांडारात वायसरची पेटी उघडी होती. पंपाच्या नळीत दांड्याबरोबर वर-खाली होणारी ही रबराची चकती. तिच्यामुळेच दाब तयार होतो. आक्कांनी एक वायसर दोन बोटांत दाबून पाहिला. "ह्यो एवढा टणक कशापायी? वाटाण्याला दोन पंप मारले की खांदा निखळाया येतोय. आता फवारनी कोन करतं? मालक कामाला, म्हंजे आमीच. पुरुषांच्या हातासाठी केलाय हा पंप."

भांडारवाला म्हणाला, "पयल्या..." आणि थांबला.

मॅडमनी मऊ रबराचे वायसर मागवले. ते घातलेले पंप चाचणीच्या टाकीवर पाण्याने चालवून पाहिले. दांडा खरोखर हलका झाला होता. मॅडमनी स्वतः सही करून वायसर पास केला. मग त्यातले काही पंप जोडणीतल्या बायकांनाच घरी दिले. शेतात वापरा आणि शनिवारी सांगा. पहिल्या शनिवारी सगळ्या खूश होत्या. आक्का म्हणाल्या, "लोन्यावानी हाय." मॅडमच्या चेहऱ्यावर दिवाळी दिसत होती.

दुसऱ्या शनिवारी सकाळी आक्का आपला पंप हातात घेऊन बसमधून उतरल्या. आदल्या दिवशी त्यांचे मालक कामावर सुट्टी टाकून मुगावर औषध मारत होते. दांडा आधी जड झाला, मग अडकायला लागला, आणि मग नळीच्या वरच्या तोंडातून औषध बाहेर येऊन त्यांच्या पाठीवर उतरलं. त्यांनी पंप टाकला, साबणाने अंघोळ केली, डॉक्टरला दाखवलं. पाठीला आग होत होती, बाकी ठीक होते. आक्का चिडलेल्या नव्हत्या. मला ते जास्त जड वाटलं.

पंप उघडला. वायसर फुगून कडेने फाटला होता.

मॅडमनी लगेच बाकीच्या घरांना फोन लावून पंप परत मागवले. मामा दारात उभे राहून बघत होते. फोन संपल्यावर हळू आवाजात म्हणाले, "आज शेठ येनार हायेत तासाला. रबरवाल्यावर ढकला. तो काय इथं येतोय सांगायला?"

"मामा, वायसर मी पास केलाय."

"म्हनून तर सांगतोय."

दुपारी सगळे जोडणीच्या जागेत जमले. शेठ मागे भिंतीला टेकून उभे होते. मॅडमनी फाटलेला वायसर टेबलावर पांढऱ्या कागदावर ठेवला आणि बोलायला लागल्या. आक्कांची सूचना कोणती होती. रबर कोणतं घेतलं. चाचणी कशी घेतली. पास कोणी केलं. शेतात काय झालं. कोणाच्या पाठीवर औषध सांडलं. त्यांनी विशेषण वापरलं नाही, आवाज चढवला नाही आणि स्वतःचं नाव जिथे यायला हवं तिथे आलं. मी बरीच वर्षं पत्रकार परिषदा ऐकल्या आहेत. जबाबदार माणसाने उभं राहून इतकं सरळ निवेदन केलेलं मी क्वचितच ऐकलं.

शेवटी त्या म्हणाल्या, "फाटला का, ते मला माहीत नाही. विचारा."

 मामा एक स्टूल ओढून बसले. "मी दाजी," ते म्हणाले. तोपर्यंत ते एकदाही दाजी झाले नव्हते. "चाचनीच्या टाकीत काय असतंय?"

"पाणी," चाचणीवाला म्हणाला.

"आन् शेतात?"

"औषध."

"औषध नुसतं पाण्यावानी असतंय व्हय?"

चाचणीवाल्याच्या घरी शेती होती. आक्कांच्या घरी होती. मामांच्या घरी होती. तेलकट औषध हाताला चिकटतं, बादलीला चिकटतं, साबणाशिवाय निघत नाही, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पण कारखान्यात आजवर प्रत्येक पंप पाण्यावर पास झाला होता. एकच पाणी टाकीतून परत परत फिरवायचं. या भागात पाणी वाया घालवत नाहीत. टणक वायसर ते तेल वर्षानुवर्षं सोसत आला होता, म्हणून चाचणीतली ही फट कोणाला दिसली नव्हती.

शेठ निघून गेले. दिवाळीची अट तशीच राहिली.

सोमवारी आक्का घरून लोणच्याची एक रिकामी काचेची बरणी घेऊन आल्या. मंगळवारी आणखी तिघींनी आणल्या. औषध ज्या तेलकट द्रावणात मिसळलेलं असतं, तसं विष नसलेलं द्रावण मॅडमनी मागवलं. रबराचे जितके प्रकार मिळाले तितके वायसर एकेका बरणीत भिजत घातले. चुकून परत स्वयंपाकघरात जाऊ नयेत म्हणून झाकणांवर लाल रंगाने फुल्या मारल्या. बरण्या खिडकीत ओळीने उभ्या राहिल्या. येता-जाता लोक विचारू लागले, "लोनचं मुरलं का?" दर शनिवारी वायसर बाहेर काढून मोजायचे. फुगलेला बाद. काही पहिल्याच आठवड्यात पुरीसारखे टम्म झाले. एक जराही हलला नाही. पण तोही टणकच होता, आधीच्याइतका.

आक्कांचा खांदा जिथल्या तिथे राहिला.

"तुमी जोर वायसरात शोधताय," मामा म्हणाले. ते आता दर शनिवारी यायला लागले होते. चहासाठी येतो म्हणायचे. "हापशाचा दांडा आखूड असता तर बायांनी पानी काढलं असतं का? दांड्यात बघा की."

"तुम्हीच करून आणा, मामा."

मामांनी दांडा लांब करून आणला. आक्कांनी पंप पाठीवर घेतला, दांडा मारला आणि कोपर टाकीवर आपटलं. "मामा, खांदा वाचवाया कोपर मोडता व्हय?" सगळी लाइन हसली. मामांनीही पंप उतरवून घेतला आणि मॅडमसारखाच टेबलावर ठेवला. "काय झालं ते सांगतो," ते म्हणाले. "दांडा लांब केला. कोपर लागलं. केला मी." इतकं म्हणून ते बसले. मग दांडा आधीच्याच लांबीचा ठेवून तो ज्या खिळीवर फिरतो ती बोटभर आत सरकवायची, म्हणजे जोर कमी लागेल, हे त्याच तासात ठरलं. कोणाच्या तोंडून ते आधी निघालं हे मला आठवत नाही. तिथे असणाऱ्यांनाही आठवत नसावं.

नवा पंप आक्का दिवाळीच्या आधी घरी घेऊन गेल्या. कांद्याच्या रोपावर स्वतः मारला, पुन्हा पुन्हा मारला. परत आल्यावर मॅडमनी विचारलं, "कसा आहे?"

"हाताला हलका हाय," आक्का म्हणाल्या. मग सगळ्यांकडे पाठ करून उभ्या राहिल्या. "आन् पाठ कोरडी."

फळ्यावर मी तेवढंच लिहिलं. पाठ कोरडी.

पंप शेठकडे गेला. त्यांनी ठेवून घेतला. होकार आला नाही, नकारही आला नाही. दिवाळीची सुट्टी झाली. सुट्टीनंतर क्वालिटीच्या विभागात एक नवी खुर्ची येऊन पडलेली दिसली. ती कोणासाठी आहे, हे विचारायला कोणी गेलं नाही. मॅडम रोजच्यासारख्या बरण्या पुसत होत्या.

शनिवार आला. शेवटच्या तासाची घंटा होईल की नाही, कोणाला माहीत नव्हतं. सगळे आपापल्या जागी काम करत राहिले. हात चालू, कान बाहेर. घंटा झाली. तरी कोणी उठलं नाही.

ऑफिसच्या जिन्यावरून शेठ खाली आले. ते मॅडमकडे गेले नाहीत. जोडणीच्या लाइनमध्ये आक्कांच्या टेबलापाशी थांबले. सदऱ्याच्या उजव्या खांद्यावर पट्ट्याचा मळकट डाग होता; पंप त्यांनी घरी वापरलेला दिसत होता. त्यांनी टेबलावरचा पट्टा उचलला, उलटा-सुलटा केला.

"हे बक्कल डावीकडेच का?"

"ते पयल्यापासनं..." आक्का म्हणाल्या आणि त्यांनी जीभ चावली.

लाइनमधून कोणीतरी खुदकन हसलं. मामांनी चहावाल्याला हाताने खूण केली. आक्कांनी पायाने स्टूल पुढे सरकवलं.

"बसा दाजी," त्या म्हणाल्या. "मला बी ठावं न्हाई. उलटं लावून बघू."