बर्फावरून आलेली बाटली

बाटली हातात द्यायच्या आधी तो ती आपल्या घामट गालाला लावून बघायचा. "गार हाय की, मॅडम!" मला शिसारी यायची.

सांगलीच्या आमच्या प्रयोगशाळेत माल पोचवणारा तो माणूस. नव्वदच्या दशकात मी त्वचेच्या पेशींवर पीएच.डी. करत होते. पेशी वाढवणारं माणसातलं प्रथिन जिवाणूंकडून बनवून घेतात, ते परदेशातून पुण्याला यायचं. तिथून हा एसटीने, थर्मासात बर्फावर ठेवून आणायचा. बर्फ वितळला की सातारा स्टँडवर रसवंतीवाल्याकडून नवा घ्यायचा. ज्या हाताने तंबाखू मळायचा, त्याच हाताने बर्फ भरायचा. शी!

बाटलीत सुकवलेलं प्रथिन इतकं कमी, की डोळ्याला काहीच दिसत नसे. "आवं, एवढं आणतुया, पर आत हाय काय?" हा प्रश्न दर खेपेला. मी खेकसायची, "तुम्हाला काय करायचंय? गार आणा म्हणजे झालं." आता खोटं कशाला बोलू, एकदा पोरीचं बारसं सोडून माझी बाटली घेऊन आला होता.

शेवटच्या प्रयोगाची बाटली आली, तेव्हा माझी मुदत संपत आली होती. प्रथिन घातलेल्या पेशी भराभर वाढल्या, न घातलेल्या मागे राहिल्या. पेशी मीच मोजल्या. पेशी वाढवायच्या ज्या बशा मनासारख्या निघाल्या नाहीत, त्या बिघडल्या म्हणून फेकल्या. आलेख बघून माझे मार्गदर्शक सर खूश.

महिन्याने हा दारात उभा. "मॅडम, पोटात ठेववंना. मागली बाटली साताऱ्यात फुटली. मग पिशवीतली तुमचीच जुनी रिकामी धुतली आन् फुटकीचं लेबल तिला डकवलं. तसंबी आत कवा काय दिसतंय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोर, हलकट, तोंडाला येईल ते बोलले. पुण्याला त्याच्या कंपनीत फोन लावला आणि हा माणूस बर्फ नीट ठेवत नाही, म्हणून सांगितलं. रिकाम्या बाटलीचं मात्र अवाक्षर काढलं नाही. काढलं असतं, तर आलेख गेला असता आणि त्याबरोबर पदवीही. त्याची नोकरी गेली. आलेख प्रबंधात गेला.

दोन वर्षांनी कुपवाडला एका कारखान्याच्या गेटवर तो वॉचमन म्हणून दिसला. मला बघून पळतच रिक्षापाशी आला.

"डॉक्टर झालासा न्हवं? लय झ्याक झालं!" मग आवाज उतरवून म्हणाला, "त्या बाटलीचं म्या कुनालाबी बोललो न्हाई, बरं का. माझ्यापायी तुमचं नुसकान नगं."

मला माझीच किळस आली. "बरं झालं," एवढंच म्हणाले, आणि रिक्षावाल्याला चल म्हणून सांगितलं.