कुडाळच्या व्याह्यांना सोलापुरी लवंग

बसा बसा, चहा येतोय. तोवर आमच्या दारातल्या लवंगेचा पराक्रम ऐका. ह्यात फजिती माझीच झालीय, पण झाड मात्र एक नंबर हां!

आमच्या प्रसादची सासुरवाडी कुडाळची. लग्नाच्या वेळी व्याहीबुवांनी मला त्यांच्या बागेतलं लवंगेचं झाड दाखवलं आणि वर म्हणाले, "तुमच्या सोलापुरात ही जगायची नाही हो."

झालं! माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. भर मांडवात जाहीर करून टाकलं, "व्याहीबुवा, माझ्या दारातली लवंग तुम्हाला खायला घातली नाही, तर नावाचा सोलापूरकर नाही!"

परतताना वाटेत रोपवाल्याकडं थांबलो. तो बिचारा काहीतरी सांगायला लागला, तर मी त्यालाच गप्प केलं. "मला शिकवू नका. लवंग, जांभूळ, पेरू, निलगिरी, सगळी एकाच कुळातली भावंडं. मी लांबून ओळखतो!" आणि स्वतःच्या हातानं रोप निवडलं.

काय वाढलं म्हणता! चार वर्षांत गच्चीला टेकलं. शेजारीपाजारी बघायचे आणि गालातल्या गालात हसायचे. मला वाटायचं, जळतात!

आमची ही सांगोल्याची. पानं चुरगाळून म्हणाली, "अवो, ह्याला लवंगंचा वास कुटं येतोय? त्यापरीस माझी लवंगी तुळस लई बरी की!"

"अगं, तुळस कुठं, लवंग कुठं! नावात लवंग असली म्हणून काय झालं? आपली वाळली की वास सुटेल."

यंदा कळ्या धरल्या आणि माझी छाती दोन इंच फुगली. हात पोचला तेवढ्या खुडल्या, गच्चीवर वाळवल्या आणि लगोलग व्याह्यांना जेवायला बोलावलं. जेवणानंतर विडे आले. विड्याला लवंग टोचतात ना, ती माझी! टोचताना मोडत होती, म्हणून हिनं गुपचूप काडी लावली. मी म्हटलं, कोवळी आहे.

व्याह्यांनी विडा तोंडात घातला. त्यांनी चावला, डोळे मिटले, पुन्हा चावला.

"वा!" ते म्हणाले, "असली लवंग मी जल्मात खावक नाय!"

जिंकलो की हो! त्यांना बरणीभर लवंग बांधून दिली. अख्ख्या कॉलनीत पुड्या वाटल्या. फोटो तर किती जणांना पाठवले, विचारू नका.

पुढं जूनमध्ये एकदा सहज वर बघितलं, तर शेंड्याला घोसच्या घोस. काळेभोर, टपोरे. खाली पडलेलं एक उचलून तोंडात टाकलं. जांभूळ! अस्सल, गोड, रसाळ जांभूळ!

मी मागं वळून बघितलं. सूनबाई तोंडाला पदर लावून हसत होती. म्हणाली, "बाबा, अप्पांना पहिल्या घासालाच कळलं होतं. पण म्हणाले, लेकीच्या सासऱ्याचा मान आहे, कुणी चकार शब्द काढायचा नाही."

"म्हणजे मला कळलंय, हे त्यांना माहीत नाही ना?"

"नाही."

"मग सांगायचं नाही! कुडाळात आपलं नाक शाबूत राहिलं पाहिजे." एवढं ठरवून मी निवांतपणे ओंजळभर जांभळं संपवली. काय गोडी, अहाहा! तेवढ्यात व्याह्यांचाच व्हिडिओ कॉल.

"काय म्हणतेय तुमची लवंग?"

"झकास!" मी ऐटीत म्हटलं. "यंदा तर तुमच्या कोकणालाही लाजवेल असं पीक. घमघमाट सुटलाय नुसता!"

व्याहीबुवांनी फोन जवळ घेतला, चष्मा पुसला आणि अगदी अदबीनं विचारलं,

"छान, छान. पण लवंग खाऊन तुमची जीभ एवढी जांभळी कशी झाली हो?"