तांब्याभर तेलाचं वजन

करडीच्या तेलाशिवाय लोणचं हे मला लोणचं वाटतच नाही. घाण्यावर ते किलोनं मिळतं आणि आमच्या घरचं माप तांब्याचं: एका बरणीला दोन तांबे, गळ्यापर्यंत भरून. जन्मभर वजनावाचून काही अडलं नाही. मग काचबिंदूनं नजर अधू केली. माणसं दिसतात, पण तांब्यात तेल कुठवर आलंय ते काही केल्या कळत नाही.

गेल्या साली असंच तेल कमी पडलं. लातूरला सुनेकडे बरणी पाठवली होती. फोनवर विचारलं तर म्हणाली, "मस्त झालंय, आई." दिवाळीत तिच्याकडे गेले, तर ताटात दुकानातलं लोणचं. माझ्या लोणच्याला बुरशी आली होती आणि तिनं ते गुपचूप टाकून दिलं होतं. मला वाईट वाटू नये म्हणून हो! तेच जास्त लागलं. म्हातारं माणूस, त्याला कशाला बोलायचं, या रांगेत मी जाऊन बसले होते.

नांदेडला परतल्यावर नवऱ्याला बाजारात पिटाळलं आणि लाल आकड्यांचा वजनकाटा आणवला. ते आकडे मला दिसतात. "मी मोजून देतो की तेल," असं ते म्हणत होते. पण मग लोणचं कुणाचं? एकदाच काय ते तांब्याचं वजन काढू, म्हटलं, पुढचं माझं मी बघते.

यंदा कैऱ्या आल्या. हात तेलकट नकोत म्हणून त्यांनी तांब्या गळ्यापर्यंत पाण्यानं भरला, मी तो तोलला, रिकाम्या तांब्याचं वजन वजा केलं आणि तेवढंच तेल दोनदा पातेल्यात घेतलं. तापवलं, निववलं, आमच्या बरणीत ओतलं. बरणी भरून वाटीभर तेल ओट्यावर आलं.

नवरा फडकं घेऊन आला. "उमरीच्या शाळंत पोरांना घनता कोण शिकवून राहिलं होतं, बाई?"

मीच की. तेल पाण्यावर तरंगतं, कारण ते पाण्यापेक्षा हलकं, हे शिकवण्यात माझे किती खडू झिजले असतील. पाण्याच्या वजनाइतकं तेल घेतलं तर ते जास्त होणारच, हे स्वतःच्या ओट्यापाशी सुचलं नाही. लई हसलो दोघंही. मग गळ्यापर्यंत तेलच भरायला लावलं आणि तेलाचंच वजन घेतलं. लातूरची बरणी त्या हिशोबानं मी एकटीनं भरली.

पावसाळाभर माझा जीव त्या बरणीत. सुनेला फोन करायचे, पण लोणच्याचं विचारायचे नाही. मस्तच झालंय म्हणणार, आणि त्यावर विश्वास कसा ठेवायचा?

गणपतीच्या आसपास तिचाच फोन आला. "आई, रागावणार नसाल तर सांगते. यंदा मीठ जरा जास्त पडलंय."

"आणि बुरशी?"

"न्हाई हो. बरणी निम्मी झालीय. पण मीठ जास्त हाय."

मीठ मी तोललंच नव्हतं, सवयीनं मुठीनं टाकलं होतं. "बरं, पुढच्या खेपेला बघते," म्हणाले आणि फोन ठेवला. सून मला पुन्हा नावं ठेवायला लागली होती. त्या दिवशी मी एक भाकरी जास्त खाल्ली.